वहिनींच्या टेबलावरची पाच मतं

पडद्याची डावी कड शिवून झाली होती, उजवी टाचण्यांवर होती आणि खालची दुमड अजून मापायची होती, तेवढ्यात टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उघडून ठेवलेल्या लॅपटॉपवर निरोपाची लाल खूण उमटली. वहिनींनी मशीनवरचा पाय उचलला, चष्मा सारखा केला आणि टाचणी ओठांत धरूनच वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीला त्यांनी टाचणी काढून उशीत खोचली. ओठांत टाचणी असताना रागावू नये, हे शिवणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

निरोप विश्वकोशावर देखरेख ठेवणाऱ्या प्रचालकाचा होता. फेरीबोटीच्या लेखाच्या चर्चापानावर काल पाच नव्या सदस्यांनी एकाच सुरात पाठिंबा दिला आहे. पाचही खाती तुम्ही वापरता त्याच इंटरनेट जोडणीवरून उघडलेली दिसतात. ती तुमचीच आहेत काय? संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावं, नाहीतर तुमचं खातं बंद करावं लागेल.

वहिनींना एकदम कालचे सहा उष्टे कप आठवले.

गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर, पडदे शिव, चेन बदल, हा त्यांचा धंदा. हात रिकामे झाले की त्याच टेबलावर इंटरनेटवरचा विश्वकोश, कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा. तिथे त्यांचं नाव 'सुईदोरा'. मुलं आपापल्या संसाराला लागली तेव्हा त्यांनी कापसावरच्या लेखातली एक चूक दुरुस्त केली होती, आणि ती कुणीतरी तासाभरात उलटवली. त्या तणतणणार तोच खाली एक ओळ आली: 'स्वागत आहे. दुरुस्ती बरोबर वाटते, पण आधार कुठला ते सांगाल का?' त्या एका 'स्वागत आहे'वर बाई अकरा वर्षं टिकली. तेव्हापासून त्या नव्या माणसांच्या पाठीशी उभ्या राहत. कुणी परिचारिका, कुणी माळी, कुणी पेन्शनीतला शिक्षक. एकाचंही तोंड पाहिलेलं नाही, पण कोण कुठे अडखळतो ते त्यांना पाठ. तिथे ना तुमचा चेहरा दिसतो ना घर. दिसतो तो फक्त शब्द, आणि तो एकदा उसवला की पुन्हा शिवता येत नाही.

आणि आता त्यांच्याच शब्दाला कात्री लागली होती.

जिन्याशी जाऊन त्यांनी वर हाक मारली, "भाऊजी, जरा खाली या."

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, वरच्या खोलीत राहणारे. उभी हयात नदीवर फेरीबोट चालवण्यात गेली. पूल झाला, बोट बंद झाली, पण भाऊजी अजून चालताना वाऱ्याला खांदा देतात.

"चहा टाकलाय वाटतं?" ते उतरता उतरता म्हणाले.

"चहाचंच विचारायचंय. काल मी कपडे पोचवायला गेले होते, तेव्हा इथे कोण कोण प्यायलं?"

"आपलीच माणसं. इंजिनमिस्त्री, तिकीटमास्तर, दोर टाकणारे ते दोघे भाऊ, आणि घाटावरचा रखवालदार." भाऊजी खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "काम फत्ते झालं वहिनी. तुमचा तो उत्तरध्रुव एकटा, आणि आम्ही पाच अधिक एक. आता बघतो कसा उलटवतो."

सगळं भांडण एका वाक्याचं होतं. 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे बोट धक्क्यावर आदळली.' बोट आदळली तेव्हा सुकाणू भाऊजींच्या हातात होतं. भाऊजींनी वाक्य खोडलं, 'उत्तरध्रुव' नावाच्या सदस्याने जुन्या वर्तमानपत्राचा दाखला देऊन परत आणलं. भाऊजींनी पुन्हा खोडलं. तेव्हा वहिनींनीच त्यांना आवरलं होतं: खोडाखोडी नको, चर्चापानावर जा, तिथे बोला. खातंही त्यांनीच काढून दिलं होतं. भाऊजी चर्चापानावर गेले, पण सोबत अख्खी बोट घेऊन.

वहिनींनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. भाऊजींनी निरोप वाचला, मान खाजवली, पुन्हा वाचला.

"म्हणजे त्यांना वाटतंय, ते पाचही तुम्हीच?"

"पाच मुखवटे आणि आत मी एकटी. असले उद्योग करणारे असतात तिथे, म्हणून ते बघतात. त्यांचं काही चुकलं नाही."

"पण वहिनी, तंट्याला एकट्याने जाऊ नये. आमच्या वडिलांची शिकवण आहे."

"तुमचे वडील माझे सासरे होते. मलाही शिकवून गेलेत. तोंड उघडण्याआधी खरं काय ते बघून ये, म्हणायचे." वहिनी जागच्या उठल्या नाहीत, पण आवाज उठला. "भाऊजी, तिथे डोकी मोजत नाहीत. शंभर जण येऊन ओरडले तरी एकच विचारतात, कुठे छापलंय?"

"छापलेलं खोटं असलं तर?"

"तर खरं छापलेलं शोधायचं."

"मी स्वतः तिथे होतो! माझ्याहून मोठा आधार कोण?"

"तुम्ही होतात म्हणूनच तुमचं चालत नाही. हा पडदा छान झालाय असं मी म्हटलं तर गिऱ्हाईक ऐकतं का? ते शेजारणीला विचारतं."

भाऊजी पडद्याकडे बघत राहिले, जणू तो साक्षीला उभा होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक करा. लिहून टाका, घरी पाहुणे आले होते, मला काही ठाऊक नाही. खोटंही नाही ते. तुम्ही घरात कुठे होतात?"

वहिनींनी निरोप पुन्हा वाचला. खोटं नव्हतं, आणि तेवढं लिहून सुटकाही झाली असती. पण रोज सकाळी देवापुढे हात जोडताना त्या काही निवडून निवडून सांगत नसत.

"ठाऊक नव्हतं हे खरं. पण घर माझं, चहा माझा, जोडणी माझी, आणि तुम्ही माझे दीर. अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं लोक स्वतः जोडतात, आणि ते आपल्याला शोभेल असं जोडत नाहीत. सगळं सांगायचं."

"आणि खातं बंद केलं तर? अकरा वर्षं..."

"तर खरं बोलून बंद होईल." एवढं बोलून त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला.

त्यांनी लिहिलं ते मोजकंच होतं. ही पाच खाती माझी नाहीत. माझ्या दिरांच्या पाच मित्रांची आहेत. ती माझ्या घरी, माझ्या टेबलाशी उघडली गेली. दीर त्या बोटीचे चालक होते. नातं मी आधीच चर्चापानावर सांगायला हवं होतं, ते राहिलं. पाचांचा पाठिंबा मोजू नये. या लेखाला यापुढे मी हात लावणार नाही. खाली सही केली.

"आता तुमच्या मित्रांना फोन करा," त्या म्हणाल्या, "आणि सांगा, मतं मागे घ्या."

भाऊजींनी आधी इंजिनमिस्त्रीला लावला. फोन कानापासून लांब धरला तरी मिस्त्रीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. "मत मागे घेऊ? मग तुमच्या वहिनींचा चहा पण परत करू का?"

"सांगा त्यांना," वहिनी म्हणाल्या, "चहा पचलाय, तो राहू दे. मत पचणार नाही."

पलीकडून खो-खो हसू आलं आणि काम झालं. बाकीच्या चौघांना मिस्त्रीनेच कळवलं.

मग भाऊजींची पाळी. एका बोटाने टिकटिक करत त्यांनी मजकूर उभा केला आणि छाती काढून वाचून दाखवला. "महोदय, आपण कोण टिकोजीराव लागून गेलात ते आम्हांस ठाऊक नाही..."

"खोडा."

"पुढे गोड आहे."

"पुढचं गोड वाचायला तो थांबेल का? समोरचा माणूस चांगल्या मनाने आलाय असं धरून चालायचं. तिथला पहिला धडा तो."

"आणि नसला आला तर?"

"तरी तुमचं काय गेलं?"

भाऊजींनी खोडलं. वहिनींनी विचारलं, "अपघातानंतर चौकशी झाली होती ना? तिचं काही छापून आलं होतं?"

"आलं होतं. पहिली बातमी पहिल्या पानावर, आणि चौकशीची आतल्या पानावर, कोपऱ्यात. सुकाणूची साखळी झिजली होती, कचेरीने दुरुस्ती लांबवली होती, असं स्पष्ट छापलं होतं."

"आणि तुमच्याबद्दल?"

भाऊजींनी टेबलावरचा खडू उचलला, बोटांत फिरवला, ठेवून दिला. "भोंगा द्यायला उशीर केला, असंही होतं."

"केला होतात?"

"साखळी गेली तसं आधी चाक धरलं. मग भोंगा दिला. आधी भोंगा दिला असता तर धक्क्यावरची माणसं मागे सरली असती. एका बाईचा हात मोडला." त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "ते पण लिहायचं?"

"बातमी आणायची तर अख्खी आणायची, भाऊजी. आपल्या सोयीचा तुकडा कापून आणला, तर तुमच्यात आणि त्या पहिल्या बातमीत फरक काय?"

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भाऊजींनी पडद्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी लॅपटॉप जवळ घेतला आणि या वेळी न विचारता लिहिलं. त्या बोटीचा चालक मी होतो. म्हणून लेखात मी काही बदलणार नाही. चौकशीची बातमी त्याच वर्तमानपत्रात नंतर आली होती. तिच्यात साखळीचा दोष आहे आणि भोंग्याला उशीर झाल्याचंही आहे. अंक मिळवून तारीख आणि पान कळवतो. त्यात जे आहे ते तुम्हीच लिहा. तेवढं लिहून ते वळले. "सही कशी करायची म्हणालात?"

वहिनींनी सहीची चिन्हं दाखवली आणि पुन्हा मशीनशी बसल्या. उजव्या कडेच्या टाचण्या एकेक निघत गेल्या. त्यांचा जीव लाल खुणेत होता, पण टाका वाकडा पडला नाही. भाऊजी मात्र बोटीच्या काठावरून पाणी बघावं तसे स्क्रीनकडे बघत बसले. मधेच म्हणाले, "बंद केलं ना त्यांनी, तर मी पुन्हा या यंत्राला शिवणार नाही." वहिनी म्हणाल्या, "यंत्राने काय केलंय?"

उजवी कड संपत आली होती तेव्हा खूण उमटली. आधी उत्तरध्रुवाचं उत्तर: 'आभारी आहे. माझ्याकडे फक्त पहिला अंक होता. दुसऱ्याची तारीख आणि पान द्या, वाक्य मी स्वतः बदलतो. भोंग्याचा उल्लेख राहील.' मग प्रचालकाचं: पाच मतं बाजूला काढली आहेत. सुईदोरा यांचं खातं चालू राहील. त्यांचा खुलासा पुरेसा आहे.

वहिनींनी डोळे मिटून हात जोडले आणि लगेच डोळे उघडले, कारण भाऊजी ओरडले होते.

"वहिनी, मला पण काहीतरी आलंय! हा उत्तरध्रुव लिहितोय, 'विश्वकोशात स्वागत आहे. नदीवरच्या जुन्या धक्क्यांचा लेख अपुरा पडलाय, आधारासकट मदत कराल का?'" ते खुर्चीतून अर्धे उठले. "स्वागत म्हणतोय मला. काय माणूस आहे!"

"मघाशी टिकोजीराव होता."

"मघाशी ओळख कुठे होती?" भाऊजींनी चपला पायात सरकवल्या. "ग्रंथालय पाचला बंद होतं. जुने अंक मागायला सभासद लागतो, आणि सभासद तुम्ही आहात."

वहिनींनी पडद्याची खालची दुमड तशीच घडी घालून ठेवली, पर्समध्ये ग्रंथालयाचं कार्ड आहे ना ते पाहिलं, आणि दोघं अपघाताच्या वर्षाचे वर्तमानपत्राचे अंक काढून घ्यायला ग्रंथालयाकडे निघाले.