खड्डेबाईंचा तास

बाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते भांडायला गेलो असताना. शिक्षकांच्या खोलीत सातवीचे निबंध तपासत बसलो होतो. भिंतीपलीकडे संगणकाची खोली. तिथे नव्या बाई मुलांना गेम दाखवतात असं कानावर आलं होतं, आणि पलीकडून गोंगाट कधी सुरू होतो याची मी वाटच बघत होतो, म्हणजे जाऊन चार शब्द सुनावता आले असते. वीस मिनिटं झाली तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी न राहवून मीच उठलो.

आत आठवीची अडतीस मुलं आणि समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर एक चौकोनी माणूस, म्हणजे पाय लावलेला ठोकळाच, एका खड्ड्याच्या काठावर उभा होता. तो हलत नव्हता. मुलंही हलत नव्हती. बाई मागच्या बाकाला टेकून उभ्या होत्या आणि कीबोर्ड त्यांच्या काखेत होता.

"बाई, एकच उडी मारू द्या ना," एक मुलगा काकुळतीला आला होता.

"उडी कुठे पळून जात नाही. आधी सांग, खड्डा इथेच का? चार पावलं अलीकडे का नाही?"

मुलाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "अलीकडे असता तर चालायचं कसं तेच कळलं नसतं. सुरू झाल्या झाल्या मेलो असतो."

"मग हे तोंडात कशाला धरून ठेवलंयस? वहीत उतरव."

अडतीस माना खाली गेल्या. सुनावायला नेलेले चार शब्द मी तसेच परत घेऊन आलो.

तो एक खड्डा बाईंनी अख्खा आठवडा पुरवला. मुलांनी त्यांचं नाव खड्डेबाई ठेवलं ते तेव्हापासून. बाईंना ते ठाऊक होतं. "आधीच्या नोकरीत मला किरकिर म्हणायचे," त्या म्हणाल्या. "त्या मानाने बढतीच म्हणायची."

ती आधीची नोकरी मोबाइलवरचे छोटे गेम करणाऱ्या एका कंपनीत होती. गेम लोकांच्या हाती जाण्याआधी तो खेळायचा आणि चुका शोधायच्या. ऐकायला चैन वाटते, पण एकदा त्या दोन दिवसांत एकाच दारातून चारशे वेळा आतबाहेर गेल्या होत्या, कारण ते दार कधीतरी उघडायचं नाही आणि का ते कुणाला कळत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहून दिलं होतं, "दार नीट चालत नाही." त्या गेमचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी आला. "ताई, घरचा नळ गळत असला तर प्लंबरला तरी याहून जास्त सांगत असाल ना?" बाई सांगायच्या, की त्या दिवशी त्यांना राग आला आणि दुसऱ्या दिवशी लिहिता येऊ लागलं. आपण कुठे उभे होतो, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. नऊ वर्षं हेच लिहिलं. मग कंपनी बंद झाली आणि आमच्या हेडमास्तरांनी त्यांना आमच्या शाळेत घेतलं, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो. सासूबाईंनी चहा दिला आणि माझ्याकडेच गाऱ्हाणं मांडलं. "सर, तुम्ही तरी सांगा हिला. एवढी शिकलेली सून, आणि पोरांना खड्डे दाखवते."

"आई," बाई आतून म्हणाल्या, "काल मालिका बघताना तुम्ही म्हणालात ना, ही आता जिन्यावरून पडणार म्हणून? कशावरून म्हणालात?"

"अगं, तेल सांडलेलं दाखवलं की आधी! उगाच कोण दाखवेल?"

"हेच शिकवते मी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे शिकवायला शाळा कशाला हवी?" त्या म्हणाल्या, पण कपात आणखी थोडा चहा ओतला.

शाळा हवी होती, कारण मुलांना दिसत असूनही लिहिता येत नव्हतं. त्या वर्षीचे पहिले निबंध बाईंनी मला दाखवले. बहुतेकांनी लिहिलं होतं: गेम दिसायला छान आहे, खूप मजा येते, सर्वांनी एकदा तरी खेळावा. एकाच्या वहीत बाईंनी खाली लिहिलं होतं, "ही तिन्ही वाक्यं झोपाळ्यालाही लागू पडतात. मग गेमबद्दल काय लिहिलंस?" 'मस्त', 'भारी' आणि 'बोअर' हे तीन शब्द त्यांच्या तासाला बंद होते. समासात लाल शाईने एकच शब्द पुन्हा पुन्हा असायचा: कशावरून?

खड्ड्यांचा तो सहा पडद्यांचा, म्हणजे सहा टप्प्यांचा, गेम बाईंनी स्वतःच केला होता. मुलांना ते कळल्यावर त्यांनी साहजिकच विचारलं, "बाई, तुम्हीच केलाय, तर तुम्हीच सांगा की का केलं ते."

"मी काय ठरवलं होतं ते गेलं चुलीत. खेळणाऱ्याचं काय झालं ते बघा."

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे तीन ओळी म्हणत. विषय कुठलाही द्या, ती तीन ओळी लिहायची आणि पेनाचं टोपण लावायची. माझ्या मराठीच्या तासालाही तेच. बाईंच्या तासाला तिने लिहिलेलं पहिलं पूर्ण पान मी पाहिलं तेव्हा आधी अक्षर तिचंच आहे का ते बघितलं. माझा थोडा जळफळाट झाला, हेही कबूल करतो.

आणि नेमकी तिच्याच घरून तक्रार आली. तिची आई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ड्यूटी संपवून ती थेट हेडमास्तरांच्या खोलीत आली, तेव्हा मी तिथेच होतो. "पोरगी घरी येऊन सांगते, आज गेम खेळलो. गृहपाठ काय, तर कसे मेलो ते लिहा. साहेब, मोबाइल हातातून सुटावा म्हणून मी तिला शाळेत पाठवते, आणि तुम्ही पडदा लावून मोठा करून दाखवता?"

आणखी तीन पालकांच्या सह्या तिच्या अर्जावर होत्या. हेडमास्तर भला माणूस, पण सह्यांना घाबरणारा. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, की शनिवारच्या पालकसभेत हा विषय घेऊ. पालकांचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून तो तास गणिताला. बाईंची नेमणूक त्या एका विषयासाठीच होती. तास गेला की बाईही गेल्या.

मी वडीलकीच्या नात्याने सल्ला दिला. चांगले आठदहा निबंध निवडा, स्वच्छ लिहून घ्या, भिंतीवर लावा, पालक खूश होतील.

"मी एकच निबंध वाचायला लावणार आहे," बाई म्हणाल्या. "आपल्या 'तीन ओळी'चा. आणि तिच्या आईला खेळायला बसवणार."

"अहो, तक्रार तिचीच! आगीत तेल ओतताय."

"सर, जन्मात गेम न खेळलेलं माणूस मला शोधून सापडत नाही. वर्गातल्या सगळ्यांना पडदे पाठ झालेत. ही बाई आपल्या पायांनी चालत आलीय, तिला कशी सोडू?"

मुलीने चौथ्या पडद्याविषयी लिहिलं होतं. तिथे खड्डा रुंद आहे आणि त्यावरून एक फळी मागेपुढे सरकते. तिने लिहिलं होतं: "आधीच्या तीन पडद्यांत सगळी जमीन जागच्या जागी आहे. त्यामुळे फळी दिसली की खेळाडूला वाटते ही पण तिथेच राहील. तो लगेच उडी मारतो. तोपर्यंत फळी निघून जाते. ती सरकते हे त्याला पडल्यावर कळते. प्रत्येक नवा खेळाडू इथे एकदा तरी पडतोच." 'प्रत्येक'खाली लाल रेघ होती आणि समासात तोच शब्द. मुलीने खाली उत्तर दिलं होतं, "वर्गातले अडतीसही पडले." त्यावर बाईंनी लिहिलं होतं, "अडतीस म्हणजे प्रत्येक नव्हे. पण पुरावा आहे. सध्या राहू दे."

शनिवारी संगणकाची खोली भरली. मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले पालक, दारात उभे असलेले बाप. बाईंनी प्रस्तावना केली नाही. तक्रार करणाऱ्या आईसमोर कीबोर्ड ठेवला आणि म्हणाल्या, "हे बटण चालायचं, हे उडीचं. बाकी मी काही सांगणार नाही. तुमची मुलगीही सांगणार नाही. तिने काय लिहिलंय ते तुम्ही खेळल्यावर वाचेल."

"मला नाही हो येत."

"म्हणूनच."

आई खुर्चीच्या टोकावर बसली. एका बोटाने चालत निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात गेली. "अगं बाई! जमीन संपली तर सांगायचं तरी!" सगळे हसले, ती स्वतःही हसली. दुसऱ्या वेळी तिने उडी मारली. दुसरा पडदा गेला, तिसरा गेला. मुलगी वही छातीशी धरून उभी होती, आणि चौथा पडदा आला तसे तिचे ओठ घट्ट मिटले.

आईने फळी पाहिली आणि दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

फळी गेली, आली. पुन्हा गेली, आली.

"अडकलं का काही?" हेडमास्तर म्हणाले.

"थांबा हो जरा."

तिसऱ्या फेरीला तिने बोट टेकवलं, फळीवर उतरली, पलीकडे गेली. एकदाही न पडता. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीचा चेहरा पडला.

"आता वाच," बाई म्हणाल्या.

मुलीने वाचलं. शेवटचं वाक्य वाचताना आवाज अगदी खोल गेला. मग दारातल्या एका बापाने टोला हाणला, "गेला की निबंधच खड्ड्यात!" खोली हसण्याने दणाणली. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर चुकवली. मला वाटलं, संपलं.

बाईंच्या चेहऱ्यावर मात्र, काय सांगू, घबाड सापडल्यासारखा आनंद होता. "मीसुद्धा हेच धरून चालले होते, की सगळे पडणार," त्या मोठ्याने म्हणाल्या. "दोघींचं चुकलं. आता आईला विचार."

"काय विचारू?"

"का पडली नाही ते."

मुलगी आईकडे वळली. "आई, तू उडी का नाही मारलीस?"

"कारखान्यात चालत्या पट्ट्यात हात घालतं का कुणी?" आई म्हणाली. "दोन फेऱ्या बघायच्या, अंदाज घ्यायचा, मग हात. नवीन पोरी कामाला येतात ना, त्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगते. ज्या ऐकत नाहीत त्यांची बोटं चेमटतात."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

बाईंनी मुलीला मागच्या बाकावर बसवलं आणि सभा पुढे चालू केली. हजेरीचा विषय झाला, पिण्याच्या पाण्याचा झाला, वर्गातल्या पंख्याचा झाला. मागे मुलगी खोडत होती, लिहीत होती. आईचं लक्ष पंख्याकडे नव्हतं. ती सारखी मान वळवून मागे बघत होती.

दहाबारा मिनिटांनी मुलगी न बोलावता उभी राहिली. "'प्रत्येक' काढलं," ती म्हणाली आणि वाचू लागली. "ज्याने सरकणाऱ्या वस्तू फक्त पाहिल्या आहेत तो उडी मारतो आणि पडतो. ज्याने त्यांच्याबरोबर काम केले आहे तो थांबतो. फळी दर वेळी तेवढ्याच वेळाने तिथेच परत येते. कधी लवकर कधी उशिरा आली असती तर थांबून उपयोग नव्हता. म्हणजे थांबणाऱ्यालाही हा पडदा शिकवतो, पण ते मला आधी दिसले नाही कारण आम्ही कुणी थांबलोच नाही."

"कशावरून?" बाईंनी सवयीने विचारलं.

"आईवरून."

या वेळी कुणी हसलं नाही. दारातला तो टोला हाणणारा बाप म्हणाला, "बरोबर आहे पोरीचं."

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "मग ताई, तुमच्या अर्जाचं काय करायचं?"

आईने मागे वळून मुलीच्या वहीकडे पाहिलं. "गेमचं मला अजून पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण घरी ही पाच मिनिटं एका जागी बसत नाही. आत्ता तिने मान वर केली नाही. लिहायचा तास असेल तर राहू द्या. नुसता खेळायचा असेल तर मी परत येईन."

"जरूर या," बाई म्हणाल्या. "पाचवा पडदा बाकी आहे तुमचा."

अर्ज मागे घेतला गेला. हेडमास्तरांनी एक अट घातली, की या तासाचे निबंध भाषेच्या गुणांत धरायचे आणि दुसऱ्यांदा मी तपासायचे. त्यामुळे निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं मी ठोकळ्याच्या उड्या आणि मरणं वाचत राहिलो. सुरुवातीला विरामचिन्हं सुधारायचो. नंतर नंतर माझ्याही हातून समासात तो लाल शब्द पडू लागला, अगदी माझ्या कवितेच्या तासाच्या वह्यांवरही, आणि मुलांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन बाईंकडे माझी तक्रार केली, की सरांना तुमची लागण झालीय.

बाईंची नेमणूक तिसऱ्या वर्षी कायम झाली. त्यानंतर शेजारच्या शाळेनेही त्यांना मागून घेतलं. आता त्या सोमवार ते बुधवार आमच्या शाळेत शिकवतात आणि गुरुवार-शुक्रवार पुलापलीकडच्या शाळेत.