झारीकाका आणि दगडातला शंख

राखीव उद्यानाच्या रखवालदाराला सगळे झारीकाका म्हणत, हातातल्या पत्र्याच्या झारीमुळे. तिथल्या उघड्या खडकात जुन्या समुद्रातले, आता जगातून पार नाहीसे झालेले जीव दगड होऊन बसले होते. पण कोरड्या खडकात काही म्हणजे काही दिसायचं नाही. लोक नाक मुरडून निघायचे आणि काकांना ते घरच्या माणसाला हिणवल्यासारखं लागायचं. मग ते विहिरीचं पाणी आणून हलकेच शिंपडत. परातीएवढा, वेटोळ्यांचा शंख काळाभोर उमटे. पोरं आ वासून बघत. काकांची छाती फुगे.

असं रोज, तीस वर्षं.

बायको म्हणे, "घरातल्या कुंड्या वाळल्या, पण तुमच्या दगडाचे काय लाड!"

गेल्या वर्षी शंखाचे पापुद्रे सुटू लागले. ऊन बाधतंय, असं काकांना वाटलं. बिचारे दिवसातून दोनदा पाणी मारू लागले.

परवा तपासणीला तज्ज्ञ बाई आल्या. खडकावरची पांढरी पूड त्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावली.

"पाणी कुठलं मारता?"

"विहिरीचं. जरा मचूळ आहे, पण आम्ही तेच पितो."

"काका, हे दगडात मुरतं. वाळलं की मीठ आतल्या आत फुगतं आणि पापुद्रा उचलतं."

"मग आजपासून बंद. मग तर राहील ना?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "मीठ फार खोल गेलंय. आमच्याकडे त्यावर उपाय नाही."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

"समुद्रातल्या जीवाला मी मिठानं मारलं गं," घरी काका म्हणाले.

सकाळी बघतात तर मधलं वेटोळं सुटून खाली पडलेलं. नखाएवढा पापुद्रा, वाऱ्यानं थरथरत होता. 'येथील खडाही उचलू नये' ही पाटी दरवर्षी काकाच रंगवत. तो पापुद्रा घरी नेता येईना, परत चिकटवता येईना. काका वाऱ्याच्या बाजूला पाठ करून त्याच्यापाशी उकिडवे बसले.

तेवढ्यात शाळेची सहल आली.

"काका, काहीच दिसत नाही. पाणी मारा ना!"

काका उठले नाहीत. उठले असते तर पापुद्रा उडाला असता.