माझा घड आणि इनासचा फ्रेंच गणिती

इनास मास्तरांच्या आठवणी लिहून द्या म्हणून चर्चची पोरं पाठ सोडत नाहीत. मी चौथीत शाळा सोडली, जन्म केळीच्या बागेत गेला, आणि लिहायचं कोणाबद्दल तर इनासबद्दल. "तुमचा दोस्त होता ना, बस्त्यावबाबा?" म्हणतात. होता. म्हणून तर किस्से साठले. केळ्यांच्या पिकलेल्या फणीसारखं असतं हे, एक ओढलं की चार गळतात. घ्या.

*

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराची गोष्ट. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की आम्ही क्रुसाच्या ओट्यावर बसायचो आणि बोलायचो मी. चिंचोटीच्या जंगलातला वाघ, पाचूबंदरचं भूत, सगळं माझं. मग इनासच्या हाती कुठलंसं पुस्तक लागलं. त्यात फ्रान्सचा एक जुना गणिती. नाव फक्त इनासलाच उच्चारता यायचं. त्या रविवारपासून माझा वाघ मेला.

"हा दुपारपर्यंत अंथरुणात पडून असायचा," इनास सांगायला लागला. "छतावर माशी फिरत होती म्हणतात. त्याला सुचलं, या भिंतीपासून किती आणि त्या भिंतीपासून किती, दोन आकडे सांगितले की माशी सापडलीच."

"मग मारली का?" मी विचारलं.

कोणी हसलं नाही. माझी बायको मोनी तर तोंडाला पदर लावून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मीही अंथरुणात पडून राहिलो. "मोनी, मी विचार करतोय."

"करा की. आधी रहाटाला बैल जुंपा."

*

हा गणिती म्हणे दिसेल त्यावर शंका घ्यायचा, स्वतःच्या डोळ्यांवरही. मी तडक फादरकडे. "फादर, मास्तर लोकांना देवावर शंका घ्यायला शिकवतोय."

फादरनी इनासला आत बोलावलं. मी बाहेर खुशीत उभा. थोड्या वेळानं आतून दोघांच्या हसण्याचा आवाज. त्या गणित्यानं शेवटी देव आहे असंच सिद्ध केलं होतं!

पुढच्या रविवारी फादरही ओट्यावर आले. इनासच्या शेजारी, माझ्या जागेवर.

*

मग स्वीडनच्या राणीनं त्याला शिकवणीला बोलावलं. भर हिवाळ्यात, भल्या पहाटे. थंडी छातीत भरली आणि गेला बिचारा. मोनीनं डोळे पुसले.

घरी येताना म्हटलं, "मी रोज पहाटे उठून बागेला पाणी देतो. माझ्यासाठी कधी पुसलेस डोळे?"

"तुम्ही मेलात का?"

*

इनासची आणि माझी बाग लागून. मध्ये कुंपण नाही. त्याला त्या दोन आकड्यांचं वेड. गड्याला सांगायचा, "इकडून चौथी ओळ, तिकडून सहावी केळ, तिचा घड काढ."

आगेऱ्याच्या सणाला बागेतला पहिला घड चर्चमध्ये न्यायचा. सगळ्यात चांगला वेदीजवळ टांगतात आणि फादर मालकाचं नाव घेतात. ओट्यावरून माझं नाव गेलंच होतं, तिथं तरी घेतलं जावं म्हणून मी एक घड लेकरासारखा जपला. मोनीनं त्याला सुकी पानं गुंडाळली, वर आपल्या जुन्या तांबड्या लुगड्याची चिंधी बांधली.

सणाच्या सकाळी इनासच्या गड्यानं रस्त्याच्या कडेऐवजी विहिरीच्या कडेनं मोजलं. आला तो माझ्या बागेत, आणि माझा घड कापून नेला.

मी चर्चमध्ये पोचलो तर वेदीजवळ माझा घड, आणि फादर नाव घेतायत इनासचं.

"तो माझा आहे," मी ओरडलो.

इनास गोंधळला. "अरे बस्त्याव, आकडे सांगून कापून आणलाय. चूक कशी होईल?"

"ती चिंधी बघ. मोनीच्या लुगड्याची आहे."

फादर वळले. "मोनी, तुझी का गं ही?"

मोनीनं चिंधीकडे बघितलं. मग इनासकडे बघितलं.

"असल्या चिंध्या घरोघरी असतात, फादर," ती म्हणाली. "मास्तरांचं गणित चुकायचं नाही."

घड इनासच्या नावानं टांगला गेला.

संध्याकाळी इनास माझ्या ओटीवर आला. बागेत जाऊन बघून आला होता. "कड चुकली रे," म्हणाला आणि हात जोडले. त्याचं तिथंच मिटलं. आता तो देवाघरी आहे, सुखात असो.

तेव्हा आत चुलीशी बोंबील तळले जात होते. आजही तळले जातायत. माफी मागायची राहिलीय ती मोनीनं.