रिपोर्ट म्हणजे कळवणं

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा मला इंग्रजीचा गंध नव्हता. तळेगावात मराठी चौथी झालेली, एवढंच माझं शिक्षण. पण 'रिपोर्ट करणं' मी आठवडाभरात शिकले. ते न शिकता त्या चाळीत भागतच नसे. पोरानं नाक पुसलं नाही की आई म्हणे, "थांब, बाबांना रिपोर्ट करते." मांजरानं दूध सांडलं तरी मांजराचा रिपोर्ट. खेड्यातून टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवालीला मी एकदा वजनावरून दम भरला, "रिपोर्ट करीन हं!" ती पदर खोचत म्हणाली, "करा की. पर कुनाला करनार?" चाळभर हशा पिकला. आम्हा बायकांच्या तोंडी त्या शब्दाला दात नव्हते. पुरुषांच्या तोंडी होते. यार्डात कुणाचा रिपोर्ट झाला, की त्या घरात त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. हे यार्डात कामगारांवर देखरेख करणारे जमादार होते. शेजारच्या खोलीत एक मुसलमान सांधेवाला राहायचा. गाडी ह्या रुळावरून त्या रुळावर घ्यायची तर सांधा बदलायचं काम त्याचं. परंदवडीकडचं कुटुंब, बोलणं आमच्या मावळातलंच. त्याची बायको मला वयनी म्हणे, मी तिला भाभी. माझ्या पहिल्या बाळंतपणात पाणी तापवून देणारी तीच. दिवाळीला आमचा फराळ तिच्याकडे जाई आणि ईदेला तिच्याकडून ताट येई, पण कोरडं: शेवया, साखर, खोबरं, चारोळी, वर विणलेला रुमाल. आम्ही त्यांच्या हातचं शिजलेलं खात नसू म्हणून. ती आमचे लाडू आवडीनं खायची आणि आम्ही तिच्या शेवया आमच्या चुलीवर सोवळ्या करून घ्यायचो. ह्याची लाज मला तेव्हाच वाटायला हवी होती. ती फार उशिरा वाटली. ताट मात्र रिकामं परत करायचं नाही, ही रीत दोन्ही घरं पाळायची.

एका रमजानात हे संध्याकाळी घरी आले ते मिशीवर हात फिरवतच. "आज रिपोर्ट केला," म्हणाले. कुणाचा, विचारलं तर शेजारच्या भिंतीकडे डोळ्यांनी खूण केली. सांधेवाला दुपारी सांध्याजवळ बसल्या बसल्या झोपला होता. रोजा धरलेला, पहाटेचा उठलेला, लागला डोळा. ह्यांनी पाहिलं, ऑफिसात गेले आणि साहेबाला घेऊन आले. साहेबानं ह्यांची पाठ थोपटली.

"त्यांना उठवलं नाहीत?" मी विचारलं.

"उठवलं असतं तर साहेबाला काय दाखवलं असतं?"

मी ह्यांना वाढत होते, ती पळी भांड्यात ठेवून दिली. त्याला आधी एकदा ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडला तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर खोलीही, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. ह्यांनाही होतं.

"अगं, रिपोर्ट म्हणजे नुसतं कळवणं," हे मला समजावू लागले. "शिक्षा करणारा मी कोण? हा घाट आहे. एक सांधा चुकला तर माणसं मरतील."

"माणसं मरणार होती, तर आधी त्यांना हलवायचं सोडून ऑफिसापर्यंत चालत कसे गेलात? कळवायचंच होतं तर त्यांनाच कळवायचं होतं, की बाबा, ऊठ."

हे ताटावरून उठले. मी 'बसा' म्हटलं नाही.

सांधेवाल्याला कामावरून काढलं. ईद झाली की खोली सोडा, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले तर बायका बाजूला सरकल्या. "या, वयनी. तुमी भरा आदी." एरवी माझा हंडा सारून आपली घागर पुढे लावणाऱ्या ह्या बायका! कुणी टोमणा मारला असता तर मी चार परत ऐकवले असते. जीभ काही मी माहेरी ठेवून आले नव्हते. पण मानाला काय उत्तर द्यायचं? त्या मला भीत होत्या. हंडा भरेपर्यंत मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. भाभी सगळ्यांच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

ह्या ईदेला ताट येणार नाही, अशी मी खूणगाठ बांधली होती. खरं सांगते, येऊ नये असंच वाटत होतं. पण आलं. तोच रुमाल, त्याच शेवया. चारोळी तेवढी नव्हती. मी खीर केली. ह्यांनी वाटी हातात घेऊन विचारलं, "त्यांच्याकडची?" मी हो म्हटलं. दोन वाट्या संपवल्यावर म्हणाले, "म्हणजे राग नाही त्यांचा." आणि देवाशपथ, मलाही हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते.

एरवी मी ताटात मूठभर साखर घालून पाठवत असे. त्या दिवशी माहेरून आलेला आंबेमोहोर शिगोशीग भरला आणि स्वतः घेऊन गेले. भाभी बोचकी बांधत होती. तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रिकामंच द्या, वयनी."

"असं कसं, भाभी? रीत आहे आपली."

"व्हय, रीत हाय," ती म्हणाली. "पर भरल्यालं घेतलं तर त्येची फेड कराया परत तुमच्या दारात ताट घिऊन यावं लागंल. आन् आमाला आता यायचं न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. मी उंबऱ्याशीच बसले, तांदूळ पदरात ओतून घेतले आणि ताट तिच्या हातात दिलं. तिनं ते पुसलं आणि बोचक्यात घातलं.

हे आमच्या दारातच उभे होते. माझा भरलेला पदर पाहून ते बाजूला सरकले.