मोलसरांची मुद्दाम केलेली चूक

आमच्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना सगळे मोलसर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. मुलगी सासरी, लांब. तिचा फोन यायचा तो "जेवलात का" एवढं विचारून संपायचा. क्लास सुटला की ते शंकांच्या खोलीत बसत. पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसे. आता पोरं सगळं मोबाइललाच विचारतात. मालकांनी सांगून टाकलं होतं, या महिन्यात कोणी फिरकलं नाही तर खोली बंद. घरी लवकर जाऊन भिंतींशी काय बोलू, असं मोलसर मला म्हणाले. मी गणिताचा मास्तर, धीर देणं मला जमत नाही. मी चहा सांगितला.

चहा पिता पिता त्यांनी बेत सांगितला: फळ्यावर मुद्दाम चुकायचं, म्हणजे विचारायला कोणीतरी येईल. मला हसूच आलं. एरवी दशांशचिन्ह हललं तरी या माणसाला घास गोड लागत नसे.

गणित साधं होतं. बंद भांड्यात एका वायूचा एक मोल, म्हणजे रेणूंचं एक ठरावीक माप. त्यातला पाचवा भाग फुटतो आणि फुटलेल्या प्रत्येक रेणूपासून दुसऱ्या वायूचे दोन रेणू होतात. म्हणजे पहिला उरला ०.८, दुसरा झाला ०.४, एकूण १.२ मोल. भांड्यातला दाब तीन बार. प्रत्येकाचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, काढायला त्याच्या मोलांना या नव्या १.२ ने भागून तीनने गुणायचं. उत्तर दोन आणि एक. मोलसरांनी भागलं सुरुवातीच्या एकाने. आले २.४ आणि १.२. भांड्यात दाब तीन आणि वाट्यांची बेरीज ३.६. नुसती बेरीज केली तरी चूक सापडावी.

वर्गाने खाली मान घालून उतरवून घेतलं. संध्याकाळी मोलसर इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत बसले. जिन्यावर पावलं वाजली की खडू हातात घेत. कोणी आलं नाही. आठवडाभर हेच चाललं. मला त्या पोरांचा भयंकर राग आला होता.

शेवटी त्यांनीच वर्गात विचारलं, ते गणित कोणी पडताळून पाहिलं का. पुढचा तास माझा, म्हणून मी दारात उभा होतो. पहिल्या बाकावरची मुलगी उठली.

"सर, बेरीज जास्त येत होती. आम्ही सगळ्यांनी त्याच दिवशी दुरुस्त करून घेतलं."

"मग विचारायला का नाही आलात?"

ती अडखळली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं, सर. या वयात होतं असं, माझ्या आजोबांचंही होतं. आम्ही ठरवलं, कोणी काही बोलायचं नाही."

मुद्दाम चुकलो होतो, हे सांगायला मोलसरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आता ते कोणाला पटणार होतं? त्यांनी फळा पुसून बरोबर उत्तर लिहिलं आणि मुलीला बस म्हणाले. त्या संध्याकाळी खोलीची किल्ली त्यांनी स्वतःच मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.