फक्त प्रभूला सांगितलेली गोष्ट

परळच्या आमच्या चाळीतले ते ख्रिस्ती गिरणीकामगार काका माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना मित्र म्हणावं का, कळत नाही. पण दुसरा शब्द सुचत नाही. इंग्रजी समजत नाही म्हणून मी कॉलेज सोडणार, हे मी फक्त त्यांना सांगितलं होतं. "कुणाला सांगणार नाही," असं त्यांनी वचनही दिलं.

मग त्यांच्या खोलीतल्या प्रार्थनासभेत, मी शेजारीच बसलेलो असताना, त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, वचन दिलंय, म्हणून फक्त तुलाच सांगतो. हे पोर इंग्रजीला घाबरून कॉलेज सोडतंय." तेवढ्यात खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा घोषणा देत निघाला, म्हणून त्यांनी तेच पुन्हा ओरडून सांगितलं. सगळे "आमेन" म्हणाले.

"काका, सगळ्यांनी ऐकलं ना!"

"मी देवाशी बोलत होतो. त्यांनी कशाला ऐकलं?"

दुसऱ्या सकाळी ते गिरणीतली पाळी बदलून माझ्या दारात हजर. "चल. मित्र काय नुसते नाताळच्या करंज्या खायला दिलेत प्रभूने?"

त्यांनी मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडलं. वर्गाच्या खिडकीतून पाहतो, तर ते हातवारे करून दरवानाला माझी सारी हकीकत सांगत होते. दरवान गंभीरपणे मान हलवत होता. आता पळायला वाटच उरली नव्हती.