गरजू महिलांच्या रांगेत

मी एका सरकारी कंपनीच्या खरेदी विभागात होतो. लहान उद्योगांकडून, त्यातही बायकांच्या उद्योगांकडून, ठरावीक माल घेतलाच पाहिजे असा नियम आहे. आमच्याकडे त्या नियमाची लाज राखणारी एकच बाई होती. नावडे गावात पत्र्याच्या शेडमध्ये बारा मशिनं टाकून ती आमच्या कामगारांचे बॉयलर सूट शिवायची. टेंडरचे कागद स्वतः भरायची आणि वर आमच्याच चुका काढायची. ती मला थोडी खटकायची, हे आज कबूल करतो.

माणसं कमी म्हणून सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या समाजसेवेचं, कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्या वर्षी नावड्यातल्या गरजू महिलांना शिलाई मशिनं वाटायची होती. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब येणार होते. तारीख मी त्यांच्या सोयीने ठरवली, गावाला विचारायचं सुचलं नाही. त्या सकाळी समाजमंदिरात मांडव, मशिनं, हार, नारळ सगळं तयार आणि खुर्च्या रिकाम्या. गावात हळद होती. आगरी गावात हळद लग्नाहून मोठी. त्या दिवशी बायका मशीन घ्यायला येतील कशाला? वीस वर्षं नवी मुंबईत काढून मला एवढंही कळू नये!

साहेब यायला तासच उरला होता. मी तिला फोन केला.

"साहेब, आज गावान हळद हाय. मी निघालेच तिकडं."

"पंधरा मिनिटांचं काम आहे ताई. शेडमधल्या बायकांना घेऊन या. नुसता फोटो."

तिची पुढची ऑर्डर माझ्या टेबलावर सहीसाठी पडून होती. त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. काढायची गरज नव्हती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती आली ती हळदीची पिवळी भरजरी साडी नेसून, गळाभर सोनं घालून. फोटोग्राफर माझ्या कानाशी लागला, "सर, या गरजू वाटत नाहीत." मी तिच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "ताई, हार जरा पदराखाली घ्या."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर ओढून घेतला. मग बारा मशिनांची मालकीण आपल्याच कारागीर बायकांबरोबर रांगेत उभी राहिली आणि तिने साहेबांच्या हातून नारळ आणि मशीन घेतलं.

दोन दिवसांनी ती मशिनं मी गावातल्या खऱ्या गरजू बायकांच्या घरी पोचवली. म्हणजे कुणाचं काही बुडालं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. फोटोचा मात्र मोठा फलक झाला आणि तो कंपनीच्या गेटवर लागला. साहेब हसतायत, समोर ती मान खाली घालून उभी.

पुढच्या महिन्यात ती टेम्पोत सूट भरून गेटवर आली. सुरक्षारक्षक नवा होता. त्याने फलकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मदतवाल्या बायकांनी बाजूच्या गेटवर थांबायचं." मी आमच्या महाव्यवस्थापकांबरोबर तिथेच उभा होतो. तिने मला पाहिलं.

"साहेब, सांगा ना याला, मी कोन हाय."

एक शब्द पुरला असता. पण या आमच्या पुरवठादार आहेत म्हटलं, की फलकावर कोण आहे हे महाव्यवस्थापक विचारणार. मी म्हणालो, "सोडा त्यांना, ओळखीच्या आहेत."

ती भांडली नाही. पिशवीतून आमच्या ऑर्डरची प्रत काढून तिने रक्षकापुढे धरली आणि त्याला ती मोठ्याने वाचायला लावली. तो अडखळत वाचत होता. तिच्या कारखान्याचं नाव, खाली प्रोप्रायटर म्हणून तिचं नाव. महाव्यवस्थापकांनी फलक पाहिला, मग मला पाहिलं, आणि आत निघून गेले. फलक तसाच राहिला. तो काढायला माझा एक फोन पुरला असता, तोही मी केला नाही.

पुढच्या टेंडरला तिने कागद भरले नाहीत. मी फोन केला.

"तुमाला काय साहेब," ती म्हणाली, "गरजू बाया लय भेटतील."

तो फोन मी माफी मागायला केला होता, असं घरी सांगत आलो आहे. ते खोटं आहे. मी टेंडर भरा म्हणायला केला होता.